रेडीमेड म्हणजे नेमकं काय? 'तयार', 'विकतचं' आणि 'आयतं' यांत फरक कुठे पडतो?

जून लागला की वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात घरोघरी खरेदीची यादी निघते. सोयाबीनचं बियाणं, पोरांचे शाळेचे कपडे, गळक्या छपरासाठी ताडपत्री किंवा पत्रे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. त्यामुळे पेरणीचा आणि गणवेशाचा खर्च नेमका एकाच वेळी अंगावर येतो. या यादीतल्या बहुतेक वस्तूंपुढे एकच प्रश्न असतो. घरचं वापरायचं, कुणाकडून करून घ्यायचं, की सरळ रेडीमेड आणायचं?

हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा वापरतो. रेडीमेड कपडे, रेडीमेड ब्लाऊज, रेडीमेड चौकट, रेडीमेड फराळ, इतकंच काय तर रेडीमेड उत्तर. पण 'रेडीमेड' आणि 'तयार माल' एकच का? दुकानातून आणलेली प्रत्येक गोष्ट रेडीमेड असते का? आणि एखादी वस्तू रेडीमेड आहे की नाही, यावर तुमचा कर आणि तक्रारीचा हक्क कसा अवलंबून असतो?

साधा अर्थ

गिऱ्हाईक दुकानात येण्याआधीच जी वस्तू पूर्ण बनवून ठेवलेली असते, ती रेडीमेड. ती बनवणाऱ्याला ती कोण घेणार हे माहीत नसतं. त्याने एका सरासरी गिऱ्हाइकाचा अंदाज बांधलेला असतो आणि तुम्ही त्या अंदाजात स्वतःला बसवून घेता. शिंप्याकडे याच्या उलट होतं. तिथे गिऱ्हाईक आधी येतं, माप नंतर, आणि कपडा सगळ्यात शेवटी.

म्हणजे शब्दाचं मर्म वस्तूत नाही, क्रमात आहे. एकच शर्ट तुमच्या मापाने शिवला तर 'शिवलेला' आणि हँगरवरून उचलला तर 'रेडीमेड'. कापड, बटणं, शिलाई सगळं सारखं असलं तरीही.

'तयार माल' हा शब्द मात्र कारखान्याच्या बाजूने बघतो. कारखान्याच्या हिशेबात मालाचे तीन टप्पे असतात: कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल. जुन्या बोलीत त्याला 'पक्का माल'ही म्हणतात. इथे गंमत अशी की एकाचा तयार माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. सूतगिरणीसाठी सूत हा तयार माल, तर विणणाऱ्यासाठी तोच कच्चा माल. कापडगिरणीचा तागा शिंप्यासाठी पुन्हा कच्चाच. 'रेडीमेड' मात्र आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा वस्तू शेवटच्या माणसाकडे थेट वापरायला येते. सुताच्या कोनाला कुणी रेडीमेड म्हणत नाही.

घरचं, विकतचं आणि आयतं

गावाकडच्या बोलण्यात हा भेद इंग्रजी शब्दाच्या कितीतरी आधीपासून आहे. 'घरचं' आणि 'विकतचं' ही ती जोडी. घरचे पापड, विकतचे पापड. घरचं लोणचं, विकतचं लोणचं. वऱ्हाडात 'विकत'चं 'इकत' होतं, अर्थ तोच राहतो. 'विकतचं' म्हणताना आवाजात किंचित नाराजी असते, हेही ऐकणाऱ्याला कळतं. पण विकतचं ते सगळं रेडीमेड नसतं. कापड विकत आणून घरी शिवलं, तर विकत घेतलेलं आहे पण रेडीमेड नाही.

तिसरा शब्द 'आयतं'. अर्थ जवळपास रेडीमेडचाच, म्हणजे तयार, हातात आलेलं. पण मराठीने या शब्दाला चांगलंच टोचून ठेवलं आहे. आयत्या बिळावर नागोबा, आयत्या पिठावर रेघोट्या, आयतोबा, आयतखाऊ. कष्ट दुसऱ्याचे आणि फळ आपलं, हा ठपका त्यात कायम असतो. दुकानाच्या पाटीवर 'तयार कपडे' दिसतं, 'रेडीमेड' तर दिसतंच, पण 'आयते कपडे' सहसा दिसणार नाही. गिऱ्हाइकाला पैसे मोजून वर टोमणा कोण ऐकवेल?

'तयार' आणि 'माल' हे दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आलेले आहेत आणि आता कुणाला परके वाटत नाहीत. 'रेडीमेड'चंही तेच झालं आहे. त्याला प्रत्यय लागत नाही, लिंग-वचनाने तो बदलत नाही. रेडीमेड सदरा, रेडीमेड पँट, रेडीमेड कपडे, सगळीकडे तसाच. मात्र नाम म्हणून वापरला की मराठी त्याला आपल्या व्याकरणात ओढून घेते: 'रेडीमेडचं दुकान', 'रेडीमेडमध्ये बघा'.

शब्द आला कुठून आणि का?

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. धोतर, लुगडं, पासोडी, घोंगडी हे सगळं मागावरून उतरलं की वापरायला तयार असायचं. त्याला ना माप, ना शिलाई. तरी त्या काळी लुगड्याला कुणी 'रेडीमेड' म्हटलं नाही, कारण लुगडं दुसऱ्या प्रकारे मिळतच नव्हतं. शिवलेले कपडे रूढ झाले, शिंपी आला, 'शिवायला टाकणे' हा वाक्प्रचार आला, आणि मग न शिवता मिळणाऱ्या शिवलेल्या कपड्याला वेगळं नाव लागलं. आता तर नऊवारीही शिवून, कमरेला नाडी किंवा हूक लावून मिळते आणि तिला बिनदिक्कत 'रेडीमेड नऊवारी' म्हणतात. जे वस्त्र मुळातच न शिवता नेसायचं, ते शिवून सोपं केलं!

यंत्राने शिवलेल्या कपड्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि युरोपात वाढला. आयझॅक सिंगरला शिवणयंत्राचं पेटंट १८५१ मध्ये मिळालं. त्यानंतर १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. लाखो सैनिकांना गणवेश हवे होते, प्रत्येकाचं माप घेणं शक्य नव्हतं. सैनिकांच्या मापांवरून ठरावीक आकार पाडण्यात आले आणि युद्धानंतर तीच पद्धत पुरुषांच्या बाजारातल्या कपड्यांना उपयोगी पडली.

त्याच युद्धाचा धागा वऱ्हाडापर्यंत येतो. अमेरिकेचा कापूस थांबल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली होताच. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली. कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावची रेल्वे शाखा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. या मुलखातून कापसाच्या गाठी जायच्या आणि कापड होऊन परत यायचं. तेव्हा त्या तयार मालाचं नाव होतं 'विलायती माल'. लोकहितवादींनी १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांतच परदेशी मालाऐवजी देशी माल वापरावा असं सांगितलं होतं. पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातमागाच्या खादीच्या वेशात गेले होते. त्याच वर्षी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. इथल्या कापसाचं इथेच कापड होऊ लागलं, निदान काही प्रमाणात.

आज वाशीम जिल्ह्यात खरिपाचं मुख्य पीक कापूस नव्हे, सोयाबीन आहे. पण वाट जुनीच. सोयाबीन बाजार समितीत जातं, तिथून तेल काढणाऱ्या कारखान्यांत, आणि परत येतं ते तेलाच्या पाकिटात किंवा सोयावडीच्या पुड्यात. तुरीचंही तसंच, फक्त मध्ये डाळमिल येते. कच्चा माल असतो तेव्हा त्याचा भाव लिलावात दुसरं कुणीतरी बोलतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला खरा, पण बाजारात तो मिळेलच असं नसतं. तयार माल होऊन परत येताना मात्र किंमत पाकिटावर छापलेली असते आणि त्यावर घासाघीस चालत नाही.

माप कुणाचं?

रेडीमेडमध्ये सगळ्यात मोठी अडचण मापाची. शर्टावरचा ३८, ४० हा आकडा छातीच्या इंचांचा. एस, एम, एल, एक्सएल यांना मात्र सगळ्या कंपन्यांत मिळून एकच अर्थ नाही. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो. याचं एक कारण असं की भारतीय शरीरांची स्वतःची प्रमाण मापं आपल्याकडे नव्हती, परदेशी तक्त्यांवरच काम चाललं होतं. त्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, 'इंडियासाईज' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत २५ हजारांवर लोकांची त्रिमितीय स्कॅनरने मापं घेण्याची ही योजना. शहरांतल्या मापांवर शेतात राबणाऱ्या अंगाचा सदरा कितपत बसेल, हा प्रश्न त्यातही उरतोच.

महाराष्ट्रात गणवेश म्हटलं की सोलापूरचं नाव येतं. चादरी आणि टॉवेलइतकंच हे शहर आता शाळेच्या गणवेशांसाठी ओळखलं जातं. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेच्या नावातच 'रेडिमेड' हा शब्द आहे.

याच मापाच्या प्रश्नावर राज्याची एक मोठी योजना अडखळली. समग्र शिक्षा अभियानात विद्यार्थ्याला दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळतात. पूर्वी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे जायचे. समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या शिंप्याला काम द्यायची, नाहीतर दुकानातून तयार जोड घ्यायची. 'एक राज्य, एक गणवेश' या धोरणाखाली २०२४-२५ मध्ये कापड खरेदी राज्य पातळीवर झाली. एक गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचा, आणि दुसऱ्या, म्हणजे स्काऊट-गाईडच्या गणवेशासाठी शाळांना कापड द्यायचं, असं ठरलं. सत्र सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत. पोहोचले त्यांतले काही अंगाला बसेनात. राज्यभरातून तक्रारी आल्या आणि सरकारने पुढच्या शैक्षणिक वर्षापासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली.

बचत गटांतल्या बायकांना शिवता येत नव्हतं असा याचा अर्थ नाही. कापड आधीच आकार ठरवून बेतलेलं, शिवणारी एका गावात आणि घालणारं पोर दुसऱ्या गावात. हा कपडा धड रेडीमेड नव्हता की मापाने शिवलेलाही नव्हता. रेडीमेडच्या दुकानात निदान बदलून दुसरा नंबर घेता येतो.

कायदा आणि कर काय म्हणतात?

कायद्याच्या भाषेत हा भेद फार जुना आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात विक्रीच्या मालाचे दोन प्रकार सांगितले आहेत: विक्रेत्याच्या ताब्यात आत्ता असलेला माल, आणि करार झाल्यानंतर जो तो बनवेल किंवा मिळवेल तो भावी माल. हँगरवरचा शर्ट पहिल्या प्रकारात, सुताराला सांगितलेला दिवाण दुसऱ्या. तुम्ही स्वतःचं कापड शिंप्याला दिलं तर तो तुम्हाला माल विकतच नाही, तुम्ही त्याची सेवा घेता.

घराच्या बाबतीत हाच फरक लाखांत जातो. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर घेतला तर जीएसटी नाही. जाहिरातीत 'रेडी पझेशन' ठळक अक्षरांत का छापतात, ते यावरून कळेल.

कपड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला. आता २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महागावर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी ही सीमा १,००० रुपयांवर होती आणि वरचा दर १२ टक्के होता. हे नगामागे मोजलं जातं, बिलाच्या बेरजेवर नाही. कापडाच्या ताग्यावर मात्र ५ टक्केच. त्यामुळे लग्नाचा महागडा सूट रेडीमेड घ्यायचा की कापड घेऊन शिवायचा, या हिशेबात आता कराचाही आकडा धरावा लागतो.

बंद पाकिटातल्या मालाला वैधमापन कायदा लागतो. २००९ च्या या कायद्यातली व्याख्या रेडीमेडच्या अर्थाला अगदी चपखल बसते: खरेदीदार हजर नसताना, आधीच ठरवलेल्या प्रमाणात पाकिटात भरलेली वस्तू. दुकानदाराने तुमच्यासमोर तोलून पुडीत बांधलेली साखर या व्याख्येत येत नाही. कंपनीतून एक किलोचं पाकीट आलं तर येते. तुम्ही हजर नव्हता, म्हणूनच पाकिटाने तुम्हाला सगळं सांगायला हवं: बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन किंवा नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क.

आणि ती दुकानातली पाटी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'? आवडला नाही, रंग उठून दिसत नाही, एवढ्याने दुकानदार बांधील नाही. पण माल सदोष असेल तर पाटीचा उपयोग नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार पद्धत आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

वापरताना होणारे घोटाळे

'रेडी' दिसलं की रेडीमेड असं नाही. 'रेडी रेकनर' हा बाजारात मिळणारा माल नव्हे. मुद्रांक शुल्क काढण्यासाठी सरकार जमिनी-घरांचे दर लावतं त्या तक्त्याचं ते बोलीतलं नाव. 'रेडीमिक्स काँक्रीट'ही पुरतं रेडीमेड नाही. ते मागणीप्रमाणे कालवून आणतात आणि तासा-दोन तासांत ओतावंच लागतं. साच्यात ओतून वाळवलेले कुंपणाचे खांब, विहिरीची कडी हे मात्र अस्सल रेडीमेड. 'रेडीमेड मत', 'रेडीमेड उत्तर' असं म्हटलं की शब्द 'आयता'च्या जवळ सरकतो आणि त्याला तशीच बोच येते.

कलेच्या पुस्तकात हा शब्द भेटला तर अर्थ वेगळाच. फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने दुकानातून आणलेली वस्तू जशीच्या तशी कलाकृती म्हणून मांडली आणि तिला 'रेडीमेड' म्हटलं. १९१७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलेलं पोर्सिलेनचं मूत्रपात्र हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं.

लिहिताना 'रेडीमेड' आणि 'रेडिमेड' दोन्ही सर्रास दिसतात. एका मजकुरात एकच ठेवा, म्हणजे झालं.

बियाण्याची पिशवी

केनवडच्या शेतकऱ्यासाठी वर्षातली सगळ्यात जोखमीची रेडीमेड खरेदी कपड्यांची नसते, बियाण्याची असते. शर्ट उसवला तर टाका घालता येतो. बियाणं उगवलंच नाही तर पावसाचे दिवस निघून जातात.

सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे. म्हणजे सरळ वाणाचं घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं, दरवर्षी पिशवी घ्यायची सक्ती नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायला, पेरायला, एकमेकांत द्यायला आणि विकायलाही मुभा देतो. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

घरचं वापरायचं तर उगवण तपासणं आलं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवायची आणि आठवडाभरात चांगले कोंब किती आले ते मोजायचं. ७० किंवा त्याहून जास्त आले तर नेहमीच्या प्रमाणात पेरता येतं. थोडे कमी आले तर एकरी बियाणं वाढवावं लागतं, फारच कमी आले तर ते बियाणं बाजूला ठेवलेलं बरं. सोयाबीनची साल पातळ असते. पोती आपटली, एकावर एक फार रचली, तर दाणा वरून चांगला दिसूनही आतून जातो.

पिशवी घेतली तर टॅगचा रंग बघा. प्रमाणित बियाण्याला निळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, आणि सत्यतादर्शक बियाण्याला हिरवट. निळ्या टॅगमागे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते. हिरवटमागे उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. सोयाबीनसाठी उगवणीची किमान मर्यादा दोन्हींना ७० टक्केच आहे.

न उगवलेल्या बियाण्याची भरपाई ग्राहक न्यायालयात मागता येते का, यावर बरीच वर्षं वाद होता. बियाणे कंपन्यांचं म्हणणं असं की शेतकरी धंद्यासाठी बियाणं घेतो, तो ग्राहक नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे आणि बियाणे कायदा असला तरी तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असा निकाल दिला. घरच्या बियाण्याला हे संरक्षण नाही, कारण तिथे विक्रेता कुणी नाहीच.

पण हक्क चालवायचा तर पुरावा लागतो. पक्कं बिल, त्यावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर. पिशवी खालच्या बाजूने फोडायची, म्हणजे वरची शिवण आणि टॅग शाबूत राहतो. मूठभर बियाणं पिशवीतच शिल्लक ठेवायचं. उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची, म्हणजे तालुका पातळीवरची समिती शेतात येऊन पंचनामा करते. रान मोडून दुबार पेरणी केली की बघायला काही उरत नाही, म्हणून तक्रार पेरणीआधी द्यायची, नंतर नाही.